कॅझ मार्कोव्स्कीला कोणाच्या हवाली करावे, याबाबत

मी, जेनोवेफा मार्कोव्स्की, जिल्हा न्यायालयातील निवृत्त लघुलेखिका, राहणार टिपल स्ट्रीट, ब्रॅनिगन्स फेरी, पेनसिल्व्हेनिया, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. या घरात तेवढे एकच ठिकाणावर आहे, आणि ईस्टरनंतर तेही नसेल असे डॉक्टर म्हणतात. पोटात जे वाढले आहे त्यावर औषध नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिले त्यांची नावे पुढे येतीलच.

माझा नवरा कॅसिमिर, म्हणजे कॅझ, हयात आहे आणि माझ्यामागे राहणार आहे. तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा, पुढच्या फळीत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर समोरचे लोक धावून जातात. त्यांना मध्येच अडवून आपल्या अंगावर घ्यायचे, हे त्याचे काम. बारा हंगाम तो ते इमानाने करत होता, आणि चेंडूला त्याचा हात एकदाही लागला नाही. लाउडस्पीकरवर त्याचे नाव यायचे ते फक्त त्याच्याकडून नियम मोडला गेला तर. माझी सासू पोलंडहून आलेली, तिला इंग्रजी येत नव्हते. नाव ऐकले की ती उठून टाळ्या वाजवायची, आणि आसपासचे लोक तिच्याकडे बघत राहायचे.

इतकी वर्षे डोक्याने धडका घेतल्याचा मोबदला असा, की आज त्याला बूट कोणत्या पायाचा ते कळत नाही. न्यायालयाने मला त्याची पालक नेमले आहे. माझ्यानंतर तो कोणाच्या हाती जावा, एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे घर आवरण्यापुरती. ती आधी उरकते.

कलम पहिले. घर आणि बँकेतली शिल्लक कॅझच्या हयातीत कॅझसाठी आणि त्याच्या पालकासाठी. नंतर सारे सेंट हेडविग चर्चला. त्यातून चर्चने तळघराच्या छताची डागडुजी करावी. तिथे दर शुक्रवारी वाढल्या जाणाऱ्या तळलेल्या माशांवर प्लॅस्टरचा भुगा पडतो आणि लोक त्याला मीठ समजून खातात.

कलम दुसरे. बर्फ उपसून मोकळी केलेली गाडीची जागा राखण्यासाठी मी रस्त्यावर ठेवते ती लोखंडी खुर्ची शेजारच्या मिस्टर हुडाकना. १९९४ साली त्यांनी ती उचलून फुटपाथवर ठेवली आणि माझ्या जागेत स्वतःची गाडी लावली. आता खुर्ची त्यांचीच. आता तरी तिचा मान राखावा.

कलम तिसरे. दर नाताळला क्वार्टरबॅकने आपल्या फळीतल्या गड्यांना भेट द्यावी, असा या खेळात रिवाज आहे. आमचे क्वार्टरबॅक स्किप हॅलोवे यांनी हा रिवाज पाळला. त्यांच्या आद्याक्षरांची सूटकेस, त्यांच्या तोंडाच्या आकाराचा बिअरचा मग, आणि त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध फेकीचा चौकटीतला मोठा फोटो. फोटोत हॅलोवे आभाळाकडे बघत आहेत. माझ्या नवऱ्याची त्यात फक्त पाठ आणि पाठीखालचा भाग आहे. हे सर्व हॅलोवे यांना परत. फोटो त्यांनी जेवणाच्या खोलीत लावावा.

कलम चौथे. विजेतेपदाची अंगठी. ती कॅझच्या बोटातून निघत नाही, कारण ते बोट इतक्या वेळा मोडले की त्याला आता सरळ बाजूच उरलेली नाही. माझा पुतण्या टेरी जुन्या खेळाडूंच्या वस्तू विकतो. त्याने कॅझच्या देखत मला विचारले, "आंटी, साबण लावून पाहिलास का?" अंगठी कॅझबरोबर पुरावी. टेरीला साबणाची वडी द्यावी.

आता मुद्द्याचे.

कॅझ ज्या क्लबकडून खेळला त्या क्लबने शहराबाहेर जुन्या खेळाडूंसाठी एक आश्रम बांधला आहे. नाव हॅलोवे हाऊस. कॅझ तिथला पहिला रहिवासी व्हावा, असे क्लबला वाटते, हॅलोवेंना वाटते, आणि दोघांकडून काहीतरी मिळणार असल्यामुळे टेरीला फारच वाटते. गेल्या उन्हाळ्यात हॅलोवे स्वतः आले. सोबत क्लबची प्रसिद्धी सांभाळणारी मुलगी आणि एक फोटोग्राफर.

"कॅझ, दोस्ता! ओळखलंस की नाही?"

कॅझने त्यांना नीट न्याहाळले. मग मला म्हणाला, "जेनी, यांना बसायला सांग. वकील दिसतायत."

हॅलोवेंना वाईट वाटले. मला त्यात नवल वाटले नाही. हा माणूस बारा वर्षे कॅझच्या पाठीमागे उभा होता. कॅझने त्याचा चेहरा कधी पाहायचा?

मग फोटोग्राफर दिवा घेऊन समोरून पुढे आला. समोरून माणूस आला की कॅझ मैदानातल्यासारखा खाली वाकतो, मूठ जमिनीला टेकवतो आणि उठतो. फोटोग्राफर चिनी मातीच्या भांड्यांच्या कपाटात सापडला. याच कारणाने अंघोळ घालायला येणारे तीन मदतनीस याआधी पळाले होते.

"काळजी करू नका," ती मुलगी म्हणाली. "आमच्याकडे यावर गोळ्या आहेत. दिवसभर शांत बसतात सगळे."

"सगळे कोण? आश्रम तर रिकामा आहे."

"म्हणजे... बसतील."

वर्तमानपत्रात फोटो आला. हॅलोवे हसत आहेत, आणि बाजूला कॅझ, दाढी वाढलेला, मळक्या शर्टात. तो फोटो ओहायोमध्ये टायरचे दुकान चालवणाऱ्या क्लिओफस बातिस्ट यांनी पाहिला.

जेवताना हे नाव काढायला या घरात बंदी होती. ते दुसऱ्या संघाचे, आणि कॅझच्या नेमके पुढ्यात उभे राहणारे. कॅझच्या दोन बरगड्या आणि समोरचे दात त्यांच्या खात्यावर आहेत. सप्टेंबरमध्ये ते टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

"मिस जेनी, मी बातिस्ट. आत येऊ का, की अजून रागावलेल्या आहात?"

"रागावलेली आहे. पाय पुसून या."

स्वयंपाकघरात कॅझने त्यांना पाहिले, कप खाली ठेवला आणि मूठ फरशीला टेकवली. मी ओरडले, "बाजूला व्हा!" बातिस्ट झाले नाहीत. शस्त्रक्रियेने बदललेले दोन्ही गुडघे कुरकुरवत तेही समोर वाकले.

"काय रे पोलाक, अजून कोबीच खातोस? ओहायोपर्यंत वास येतो."

उन्हाळ्यात वकिलाबद्दल बोलला, त्यानंतर कॅझने एक धड वाक्य उच्चारले नव्हते. तो म्हणाला, "आणि तू अजून तोंडानंच खेळतोस."

"मिस जेनी," बातिस्ट मान न वळवता म्हणाले, "खेळ सुरू करताना क्वार्टरबॅक ओरडतो तसं 'हट' म्हणा. दोनदा. दुसऱ्यावर उठतो हा."

मी म्हटले, हट. कॅझ हलला नाही. पुन्हा म्हटले, हट. दोन कपाटे एकमेकांवर आदळावीत तसा आवाज झाला. आणि बातिस्ट मागे सरकू लागले. पडले नाहीत, सुटले नाहीत, खांद्याला खांदा लावून एकेक पाऊल देत गेले. स्वयंपाकघरातून बोळात. "डावीकडचं दार उघडा, मिस जेनी." बोळातून न्हाणीघरात. पाठ भिंतीला लागली तेव्हा ते म्हणाले, "जिंकलास, बाबा. संपला खेळ. चल, अंघोळ करू."

खेळ संपला की खेळाडू अंघोळच करतात. कॅझने आपल्या हाताने शर्ट काढला.

नंतर कॉफी घेताना बातिस्ट म्हणाले, "याला मी कधी एक इंच दिला नव्हता. हरायला इतकी अक्कल लागते, हे ठाऊक नव्हतं." दुकान त्यांनी मुलीच्या स्वाधीन केले आणि ते आमच्या वरच्या खोलीत राहायला आले. कॅझ रोज जिंकतो, रोज स्वच्छ असतो. चर्चमधल्या बायका काय बोलतात ते मला ठाऊक आहे. त्यांनी मला नाही, त्या न्हाणीघराला विचारावे.

टेरी म्हणतो, "आंटी, तो शत्रू होता! आणि शिवाय तो..."

"शिवाय काय?"

"शिवाय तो... ओहायोचा आहे."

टेरीला बातिस्ट यांच्या ज्या रंगाचे नाव घेता आले नाही, त्याच रंगाच्या लोकांच्या सह्या तो चढ्या भावाने विकतो, हे मी न्यायालयाच्या माहितीसाठी नोंदवते.

माझ्यानंतर कॅझचे पालक व्हा म्हटल्यावर नकार दिला तो बातिस्ट यांनीच. "मिस जेनी, याच्या डोक्यावर मी किती आदळलोय! याच्या आजाराचं निम्मं काम माझंच आहे."

"म्हणूनच तुम्ही," मी म्हटले. "बाकीचं निम्मं ज्यांनी करवून घेतलं, त्यांनी आश्रमाला स्वतःचं नाव दिलंय. तुम्ही पाय पुसून आत आलात."

कलम पाचवे. माझ्यानंतर कॅसिमिर मार्कोव्स्की यांचे पालक म्हणून क्लिओफस बातिस्ट यांची नेमणूक व्हावी. शेवटचा शब्द न्यायाधीशांचा, हे मी जाणते. त्यांचे शब्द मी आयुष्यभर टिपून घेतले, व्याकरण सुधारून. बातिस्ट यांचे वय झाले आहे. मदतीला पगारी माणूस ठेवावा. निकाल देण्याआधी न्यायाधीशांनी एकदा सकाळी आमच्या बोळात उभे राहून पाहावे. मात्र कॅझच्या समोर उभे राहू नये.

कलम सहावे. मी गेल्यावर कॅझ विचारील, जेनी कुठे आहे. टेरीचे मत, खरे सांगून मोकळे व्हावे. खरे सांगितले तर ते कॅझला दर वेळी पहिल्यांदाच कळेल. एका माणसाने किती वेळा विधुर व्हायचे? नन्सनी मला खोटे बोलू नये असे शिकवले. हे पाप माझ्या नावावर मांडावे, बातिस्ट यांच्या नाही.

"मग सांगू काय?" त्यांनी विचारले.

"सांगा, चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेली आहे."

"रोज?"

"माझं तोंड तुम्ही ऐकलंय. त्याला पटेल."

आणि पुढे कधी तो विचारायचा थांबला, तर त्याला माझी आठवण करून देऊ नये.

जेनोवेफा मार्कोव्स्की
(सही)

साक्षीदार:
१. फादर लुडविक झारेम्बा, सेंट हेडविग चर्च. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचू दिला नाही. कलम सहाबद्दल बाईंनी मला तोंडी विचारले. मी ऐकले नाही असे समजावे.
२. विल्मा स्तान्को, औषधविक्रेती. सही माझ्यासमोर झाली. बाईंचे डोके ठिकाणावर आहे, हे गावात कोणीही सांगेल, आवडीने नाही.

ब्रॅनिगन्स फेरी, राखेचा बुधवार, ६ मार्च २०१९