गिरजाच्या नावाचं पाकीट

१२ नोव्हेंबर २००९
दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत यंदा दंडारीच्या नाचगाण्यापेक्षा जास्त गर्दी एका टेबलाभोवती होती. माहिती केंद्र म्हणे! ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत उघडणार. पैसा परदेशातल्या कुठल्या तरी संस्थेचा, पाटीच्या कोपऱ्यात तिचं चिन्हही आहे. कॉम्प्युटर देणार, बाहेर फळा लावून गावच्या बातम्या लिहिणार, लोकांना सरकारी कागद मागवून देणार. सगळं फुकट. त्या लोकांना आमच्या गावचे कागद कशाला हवेत? माझा विश्वास नाही. तलावावर डोळा असणार.
गिरजा मात्र अर्धा तास तिथेच उभी. बायको माझी, पण ऐकेल तर शपथ.

२० नोव्हेंबर
केंद्रावर हर्षिता नावाची पोरगी बसते. गोंदियाची आहे, निम्मं हिंदी बोलते. आज घरी आली. हातात वही, घरोघरी एकच प्रश्न – कोणती माहिती मिळत नाही? मी म्हटलं, आमाले सगळं माहीत आहे. तर गिरजा आतून म्हणाली, "खोटं नको बोलू. आपलं नाव काऊन कटलं, हे माहीत आहे का तुले?"
पोरीने लगेच वहीत लिहून घेतलं. घरातली गोष्ट गेली परदेशात.

२१ नोव्हेंबर
काल गिरजावर चिडलो, पण बोलली ते खरं. दोन वर्षं झाली. तलावात जाळं फक्त मासेमार संस्थेच्या सभासदांना टाकता येतं. गोंदियाहून साहेब तपासणीला आले आणि सात नावं यादीतून गेली. माझं, शेजारच्या बकारामचं, आणखी पाच. त्या दिवशी मी मुर्रीला बहिणीकडे होतो. तेव्हापासून बापजाद्यांच्या तलावाकडे काठावरून बघतो आणि रस्त्याच्या कामावर गिट्टी टाकतो. फेब्रुवारीत नवी यादी होणार. त्यात नाव आलं नाही तर संपलंच.
हे काम संस्थेच्या अध्यक्षाचं, खुशालचं, असं मी आणि बकाराम रोज बिडी ओढताना बोलतो. पुरावा नाही एवढंच.

३ डिसेंबर
परदेशी बाई आली! उंच, उन्हाने लाल झालेली. सोबत दुभाषा. माझ्यापुढे टेप धरून विचारलं, तुमच्या गावात बातमी कशी पोचते? मी म्हटलं, पोचतच नाही. ती किती खूश झाली. लिहून घेतलं, मान हलवली. लोक हसत होते. मी नाही हसलो. टेपमध्ये आवाज गेला तो गेलाच.

११ डिसेंबर
गिरजा अर्ज करणार. माहितीच्या अधिकारात, गोंदियाच्या कार्यालयाला – सात नावं का कापली, सगळ्या कागदांच्या नकला द्या. मी समजावलं. अर्ज करायचाच तर बिनानावाचा कर. नाव टाकलं की माणूस नजरेत येतो. खुशाल उद्या पाणवठ्यावर उभं राहू देणार नाही.
हर्षिता म्हणे, "भैया, कारण सांगावं लागत नाही. पण नाव-पत्ता तो लिखना पड़ेगा, नहीं तो जवाब किसको भेजेंगे?"
बघा. हीच तर गोम आहे. नाव काढून घ्यायचं.
मी लिहून द्यायला नकार दिला. गावातला प्रत्येक अर्ज मी लिहितो, लग्नपत्रिकांवरची नावंसुद्धा माझ्याच हातची. दहावी शिकलेला आहे, अक्षर मोत्यासारखं. पण हा नाही लिहिला. हर्षिताने लिहिला. गिरजाने खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. दहा रुपयांचा स्टँप लावून रजिस्टर पोस्टाने गेला.

१२ डिसेंबर
झोप नाही.

२६ डिसेंबर
खुशाल नाक्यावर भेटला. स्वतःहून म्हणाला, "शालीकराम, तुह्या बायकोनं अर्ज केला म्हणे. बरं केलं. मलेबी समजू दे, साहेबाले कोणं बोलावलं होतं त."
काय नाटकी माणूस! हर्षिता त्याला मिळालेली असणार. नाहीतर याला कसं कळलं?
(गिरजा म्हणते तिनेच सांगितलं. लपवायचं कायले, म्हणते.)

१३ जानेवारी २०१०
पाकीट आलं! जाडजूड, शिक्क्याचं, वर गिरजाचं नाव. आमच्या घरात सरकारी पाकिटावर बाईचं नाव पहिल्यांदाच. ती उलटसुलट करून बघत राहिली. तिचा आनंद पाहून मला कसंतरीच झालं, तेवढा मला झाला नाही म्हणून.
ती हर्षिताकडे न्यायला निघाली. मी अडवलं. केंद्रात बंद दाराआड फोडलं की पानं बदलायला किती वेळ लागतो? म्हटलं, शनिवारी फळ्यापुढे, सगळ्या गावासमोर फोडायचं. एकूण एक पान फळ्यावर लावायचं. काही झाकायचं नाही.
हर्षिता हसून म्हणाली, "भैया, हम भी तो यही चाहते हैं."
पाकीट माझ्या ट्रंकेत, कुलपात. किल्ली कमरेला.

१५ जानेवारी
बकारामने दाढी केली आहे. उद्यासाठी. म्हणतो, नाव परत आलं तर पहिला मासा तुह्या घरी. आम्ही दोघांनी खुशालचं तोंड कसं होईल याचीच चर्चा केली. फार दिवसांनी पोटभर हसलो.

१६ जानेवारी
आज लिहवत नाही.

१७ जानेवारी
काल फळ्यापुढे पाकीट फोडलं. पहिलं पान – तपासणीच्या दिवशी तलावावर गैरहजर म्हणून कमी केलेल्या सात जणांची नावं. दुसरं पान – ज्या निनावी अर्जावरून तपासणी लागली, त्याची नक्कल. "जे स्वतः जाळं टाकत नाहीत त्यांची नावं कापावीत." बिनानावाचा कागद ते जपून ठेवतील असं वाटलं नव्हतं. मला फक्त खुशालच्या मेहुण्याचं नाव घालवायचं होतं. साहेब येणार कळल्यावर कोणाला संशय नको, म्हणून मुर्रीला जाऊन बसलो होतो. मेहुणा त्या दिवशी हजर होता.
बकाराम फळ्याला नाक लावून उभा राहिला. म्हणाला, "हे अक्षर त माह्या पोरीच्या, रिंकीच्या लग्नपत्रिकेवरचं होय." मग मागे वळून माझ्याकडे बघितलं.
आज सकाळी गिरजाने कोरा कागद आणि पेन पुढ्यात ठेवलं. "बाकीच्या सहा जनाइची नावं परत घ्या म्हणून लिही. कसं झालं तेबी लिही. अन् खाली नाव टाक."
अर्ज लिहून झाला आहे. खालची जागा अजून कोरी आहे.