पोरांनी काय केलानी

अम्मा, काल तुझा गोलकीपर भेटला. तोच, बेटावरचा, ज्याला तू माझ्या वाटणीची गाबोळी खाऊ घातलीस. आता तो त्यांच्या संघाचा कोच झालाय. पोट सुटलंय, डोक्यावरचे केस गेलेत, आणि तरीही त्याला बघताच माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तेवीस वर्षांनीसुद्धा. त्याने तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं. पहिलं खोटं मी तुलाच सांगितलं होतं, तू जायच्या आदल्या आठवड्यात. त्यांच्या एका मॅचचा निकाल मी तुला चुकीचा सांगितला, तोही जाणूनबुजून. ते आज लिहून टाकायला बसले आहे, पण आधी माझी तक्रार ऐकून घे, कारण तू होतीस तेव्हा ती कधी पुरती ऐकून घेतली नाहीस.

इथं आखातात, वादी अदाईतल्या आपल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि डब्यांची चळत, मागच्या खोलीत तू आणि तुझे टोप. मी बावीस वर्षांची, रुवीच्या एका क्लिअरिंगच्या ऑफिसात टायपिस्ट. शुक्रवारी सुट्टी, म्हणून मी तुझ्या हाताखाली नारळ खवते आहे, तेवढ्यात स्टेडियमच्या हॉलवरचा वॉचमन, तुझ्याकडून रोज डबा नेणारा गिऱ्हाईक, दारात दहा-बारा पोरं घेऊन उभा राहतो. आसपासच्या देशांची कसलीशी स्पर्धा आहे, हा संघ बेटांवरून आलाय, हॉटेलातलं जेवण यांच्या घशाखाली उतरत नाही, यांना भात आणि मासळीचं सार पाहिजे, असं तो सांगतो. तू विचारलंस, "खेळ कुठला?" तो म्हणाला, "फुटसाल." तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "फणसाची साल म्हायत हाय, केळ्याची साल म्हायत हाय. ही फुटसाल कसली गो?" मी तुला समजावलं की पाच-पाच जण, छोटं मैदान, छपराखालचा फुटबॉल. तू निम्मं ऐकलंस आणि तांदूळ धुवायला घेतलेस.

पूर्ण आठवडा ती पोरं दोन वेळा आपल्याकडे जेवली. नारळाचं सार त्यांच्या घरच्यासारखं लागतं, असं ती खुणांनी आणि मोडक्या हिंदीत सांगायची, आणि तू फुशारून जायचीस. तुझ्या कढईतली पहिली तुकडी त्यांची. आणि गाबोळी. मला आठवतं तेव्हापासून सुरमईच्या पोटातली अंड्यांची गाबोळी माझी होती, तळताना तू ती बाजूला काढून झाकून ठेवायचीस. त्या आठवड्यात ती त्या गोलकीपरच्या ताटात गेली, कारण तो "बारीक हाय, वाऱ्यानं उडंल." माझं ऐकून तोही तुला अम्मा म्हणायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं, परवानगी विचारली नव्हती. मी ताट आपटलं तर तू म्हणालीस, "तोंड कशाला फुगवतंस? पावण्याच्या ताटातलं मोजतात काय?"

अम्मा, खरं दुखणं गाबोळीचं नव्हतं. तुला मुलगा नव्हता. आख्ख्या बिल्डिंगमध्ये बायका तुला विचारायच्या, एकच मुलगी का, आणि तू हसून विषय बदलायचीस. मग एकदम दहा-बारा मुलगे तुझ्या दारात चपला काढून आत आले आणि तू त्यांना "पोरां" म्हणायला लागलीस. मी त्या शब्दात बसत नव्हते. एवढी वर्षं तू हसून जे लपवत होतीस ते आता मला कळलं, असं मला वाटलं.

ती पोरं सगळ्या मॅच हरून गेली. पण तुझं काही संपलं नाही. पुढे जिथं कुठं स्पर्धा असेल तिथले निकाल मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघायचे आणि घरी पाऊल टाकायच्या आत तुझा प्रश्न यायचा, "पोरांनी काय केलानी?" मी म्हणायचे, "नऊ गोल खाल्लानी." तू म्हणायचीस, "दमली असतील गो. घरापासनं इतक्या लांब." एखादा गोल त्यांनी केला असला तर तू दिवसभर खूश. तीन लाख वस्तीचा देश असेल नसेल, मोठमोठ्या देशांसमोर उभा राहायचा आणि दरवेळी शेवटून पहिला यायचा, आणि तुझ्या लेखी त्यांची चूक कधीच नव्हती. पंच वाईट, हवा वाईट, जेवण वाईट.

त्याच काळात मी गाडीचं लायसन काढायच्या मागे होते. तुला आठवत असेल, इथं आधी ड्रमची परीक्षा. पिंपांच्या मधून गाडी मागे घेऊन लावायची, एका पिंपाला टेकली की घरी. मी तीनदा टेकवली. तीनदा रडत घरी आले आणि तिन्ही वेळा तू म्हणालीस, "एवढाली जागा, त्यात तुला गाडी मागं घेता येत नाय?" नऊ गोल खाणारे दमलेले, आणि मी मात्र बेफिकीर. मला तेव्हा त्या बेटांचा इतका राग यायचा की ती समुद्रात बुडाली तरी चालतील असं वाटायचं. (आता तसं बोलवत नाही, समुद्र खरंच वाढतोय म्हणे.)

चौथ्यांदा मी पास झाले. आदल्या दिवशीच मी तुला सांगितलं होतं की पोरांनी एक मॅच बरोबरीत सोडवली, त्यांची पहिलीच. पास झाल्याचा फोन मी अकरा वाजता केला, दोनला घरी पोचते तर जिन्यातच वाफवलेल्या गोड सांदणांचा वास. मला वाटलं, माझ्यासाठी. आनंदाने धावत वर आले तर शेजारच्या चाची हातात सांदण घेऊन म्हणतात, "मुबारक हो, तुझ्या अम्माच्या पोरांनी मॅच राखली म्हणे!" आणि सांदणाचा हिशेब मलाही कळतो. नारळाच्या पाण्यात रवा आदल्या दिवशी भिजवल्याशिवाय सांदण फुगत नाही. म्हणजे माझा फोन यायच्या कितीतरी आधी, बरोबरीची बातमी ऐकूनच तू रवा भिजवलास. मी तुला काही विचारलं नाही. ते सांदण खाल्लं, गोड लागलं नाही, आणि पुढची सात वर्षं मनात ठेवलं.

आता ती दुपार. तू पलंगावर, उशीला टेकून, आवाज अगदी बारीक झालेला. मी ऑफिसातून निकाल बघून आलेली. ते जिंकले होते अम्मा. दोन-एक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्या देशात जाऊन, तुझ्या गोलकीपरने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवून. येताना गाडीत मी विचार करत होते, हे कळलं तर तू उठून बसशील, बिल्डिंगभर निरोप धाडशील, आणि आपल्याकडे जे थोडे दिवस उरलेत ते त्या पोरांचे होतील. मी आत आले. तू विचारलंस, "पोरांनी काय केलानी?" आणि मी म्हणाले, "हरली."

तू डोळे मिटलेस. "खलास. हरली तर हरली." मग, "गाडी कुठं लावलीस?"

"खाली. सावलीत."

"मागं घेऊन लावलीस?"

"हो अम्मा."

तू हसलीस. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं. "तीन वेळा माझा रवा फुकट गेला."

"कसला रवा?"

"सांदणांचा. तू ड्रमला जायचीस, त्याच्या आदल्या दिवशी भिजवायची मी. तू रडत आलीस का डब्यांतनं भरून देवन टाकायची. तुला दिसली असती तर आणखी रडली असतीस."

मी विचारलं, मग चौथ्या वेळी पोरांची मॅच राखली म्हणून वाटलीस ती? तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मी अजून पिंपालाच गाडी टेकवते आहे. "डबे बाराला जातात. तुझा फोन यायच्या आधीच वाफवली, वाटायला घेतली. लोकांना काय सांगू, मुलगी पास होणार म्हणून वाटतंय? पुन्हा टेकवली असतीस तर? म्हणून पोरांचं नाव सांगितलं."

त्यानंतर तासभर आपण फक्त माझ्याबद्दल बोललो. मी लहानपणी कुठल्या माशाला घाबरायचे, कुठल्या ईदेला नवा फ्रॉक जाळला. आपल्या दोघींची तशी दुसरी दुपार मला आठवत नाही. नंतर खरं सांगायला माझ्याकडे चार-पाच दिवस होते. मी सांगितलं नाही.

आणि काल अल खौदच्या हॉलमध्ये, माझी मुलगी शेजारी. ती तिथं स्वयंसेवक आहे, तिनेच नेलं. "मम्मा, तो कोच तुला बघून स्माईल का करतोय?" तो जवळ आला. "अम्मा का बेटी, ना? अम्मा?" मी सांगितलं, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याने मनातल्या मनात वर्षं मोजली आणि त्याचा चेहरा उजळला. "मतलब हम जीता, उसके बाद. अम्मा को पता था ना?"

मी म्हणाले, "हाँ. पता था."

त्याने छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. माणूस चांगला आहे गं, तेव्हाही असणार. काल ते पुन्हा हरले, तीन-शून्य. घरी येताना अमेरातच्या घाटात मुलगी म्हणाली, "नानी इतकी का फॉलो करायची त्यांना?"

तेव्हा त्याला दिलेलं उत्तर खरं व्हावं म्हणून इथं लिहून ठेवते. ते जिंकले होते, अम्मा, दोन-एक. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तो डब्यांच्या कपाटात राहील. आणि त्या दुपारी तू मला पुन्हा विचारलंस, पोरांनी काय केलानी, तर मी पुन्हा, पोरं हरली, असंच सांगेन.