जांभळट समुद्र

प्रिय वांग्या,

तू जहाजावर चढलाच नाहीस. आज दुपारी जहाज कंपनीच्या भरती कार्यालयातल्या बाईंनी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं. आधी त्या काही बोलायलाच तयार नव्हत्या. सख्खी बहीण आहे, घरी म्हातारी आई आहे, असं म्हटल्यावर जरा विरघळल्या. म्हणाल्या, बाकी सगळ्या तपासण्यांत पास झाला, पण रंगांच्या तपासणीत अडकला. ठिपक्यांमधले आकडे त्याला दिसेनात. त्याच संध्याकाळी सामान उचलून निघून गेला, कुठे ते आम्हाला ठाऊक नाही. मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्याचे पासपोर्ट फोटो कापून दिले. कडा वाकड्या आल्या.

फोन मी उगाच केला नव्हता. तू पाठवलेला, जहाजाच्या डेकवर उभा असलेला तुझा तो फोटो मला पहिल्या दिवसापासून बोचत होता. कॉम्प्युटरवरचं जोडकाम झकास झालंय, हे आधी सांगते. क्षितिजाकडे लाटा दाबत दाबत बारीक केल्यास. एखादी लाट दोनदा चिकटवलेली सापडते का म्हणून फोटो मोठा करकरून पाहिला, नाही सापडली. ओल्या डेकवर कठड्याचं प्रतिबिंब नुसतं उलटं करून टाकलं नाहीस, ते थोडं हलवलंस, मध्ये मध्ये तोडलंस आणि खाली नेता नेता विरवलंस. पाण्यावरून उसळून हनुवटीखाली येणारा उजेडसुद्धा आहे. तो तर मीही कितीदा विसरते. फक्त समुद्र जांभळट आहे. असं पाणी करणारा माणूस मला एकच माहीत आहे.

आपल्या गावात समुद्र पाहिलेलं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि निम्म्या गावाच्या दिवाणखान्यात समुद्रकाठचे फोटो आहेत. सगळे आपल्या स्टुडिओतून गेलेले. आई ब्रशने फोटो रंगवण्याच्या काळातली. तिला कॉम्प्युटर कळायचा नाही, पण पाणी कळायचं. आपल्या पाठीमागे खुर्ची ओढून बसायची आणि तुझ्या पडद्याकडे बोट करून गिऱ्हाइकांसमोर विचारायची, “अरे, हा समुद्र आहे की वांगं?” सगळे हसायचे, मीही हसायचे. नाव पडलं ते पडलंच. तू कळवळून म्हणायचास, “अगं, निळंच तर आहे!” आणि आम्ही म्हणायचो, हट्टी आहे कार्टं. तुला खरंच निळं दिसत होतं. इतकी वर्षं एका खोलीत खुर्चीला खुर्ची लावून बसलो आणि हे मला एका परक्या बाईकडून कळावं!

शेवटच्या भांडणात आई म्हणाली होती, “एवढं कळतंय ना, मग जा, खरा समुद्र बघून ये.” तू गेलास. आता परत का आला नाहीस तेही मला कळलं. कोणत्या तोंडानं येणार होतास?

इकडे तुझा फोटो आईने मोठा करून घेतलाय. येईल त्याला हाताला धरून त्याच्यासमोर उभं करते. म्हणते, “बघा, खरा समुद्र असा असतो. मळका, पिवळट. आपण आयुष्यभर लोकांना निळा विकला.” परवा दूधवाल्याला म्हणाली, “समुद्र मी सांगायची तसा निळा नसतोच. माझं पोरगं बरोबर होतं हो, मीच त्याला नावं ठेवली.” ती असं सगळ्यांना सांगत सुटलीय. मी मान हलवते आणि आत जाते.

पत्र लिहितेय ते यासाठी. आईचा मोतीबिंदू पिकलाय. गेली दोन-तीन वर्षं तिला सगळं जग पिवळट काचेतून दिसतंय, तुझा समुद्रही तसाच दिसला. शुक्रवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर तिला हसत म्हणाले, “आजी, निळा आणि जांभळा इतका लख्ख दिसेल की दचकाल.” ती खूश झाली. पण तो जांभळा दिसला की फोटो कुणी बनवलाय हे ती एका नजरेत ओळखेल. काल मी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. जांभळा काढायला मला कितीसा वेळ लागणार होता? पण हात चालला नाही. तिच्याकडे तुझ्या हातचं एवढंच उरलंय, आणि तेही मी बदलायचं? शुक्रवारच्या आत तू नुसता फोन केलास तरी मी तिला आधीच सगळं नीट समजावून सांगेन. तुझ्या डोळ्यांचंही सांगेन. मात्र तू करशील असं मला वाटत नाही. ज्या ईमेलवरून फोटो आला त्यावर आधी पाठवलेल्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही. फोटो तिने स्वतःच दवाखान्याच्या पिशवीत घातलाय, टॉवेलात गुंडाळून. शनिवारी सकाळी पट्टी निघेल. ती आधी तोच मागेल, आणि मला द्यावा लागेल.

तुझीच,
ताई