बाहेरचं

नांदेड, मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय चंद्राक्का,

तू पाठवलेली कारळाची चटणी पोचली. तिखट कमी आहे, असं म्हणत म्हणत सासूबाईंनी निम्मी संपवली. म्हणजे घर ठीक आहे. मी ठीक नाही, हे तुला अक्षरावरून कळलंच असेल. पोटाशी गरम विटेचा शेक धरून लिहिते आहे.

लातूरला असताना मी बाहेरची बसले की गडबडा लोळायचे आणि तू म्हणायचीस, ही पोरगी नाटकात जाणार. तीच कळ आता बाहेरची बसायच्या आधी येते आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आले तरी जात नाही. शाळेत मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे मुलींना माझा चेहरा दिसत नाही. उर्दूतला रुखसतीचा, म्हणजे रजेचा अर्ज लिहून लिहून पाठ झालाय. आमच्या मुख्याध्यापिका सदरबाईंनी परवा सरळ सांगितलं की दर महिन्याला रजा लागणार असेल तर घरीच बसा. हळदीकुंकवाला जाणं मी सोडलं. बायका आधी पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे.

दिवाळीनंतर यांनी हिंमत करून मला हैदराबादच्या डॉक्टरणीला दाखवलं. तिनं दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. पण समजावलं नीट. पिशवीच्या आत जे असायला हवं ते पिशवीच्या बाहेर वाढतंय आणि दर पाळीला तेही दुखतं. पुन्हा या, पोट उघडून बघावं लागेल. अक्का, परतताना मी आगगाडीत रडले ते आनंदानं. माझं दुखणं खरं होतं. घरात पाऊल टाकताच मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उचलला.

"मी म्हनतच होते, हिला बाहेरचं हाय."

झालं. लोह्याकडे त्यांच्या माहेरगावी मलप्पा नावाचा देवऋषी आहे. तो झाड, म्हणजे अंगात शिरलेलं भूत उतरवतो, आणि उतरवताना तापलेल्या सळईनं पोटावर डाग देतो. येत्या अमावस्येला मला तिकडे न्यायचं ठरलंय. हे कचेरीतून आले, चपला काढता काढता ऐकलं आणि म्हणाले, आईच्या मनासारखं एकदा होऊ दे, मग डॉक्टरीण आहेच. शाळेतही बातमी पोचली. पहिल्या बाकावरच्या दोघी आता मागे जाऊन बसतात.

मला सळईची फार भीती वाटते. चुलीतलं लाकूड आता मी लांबूनच सारते. पण काल वर्गात कळ आली तेव्हा मनात आलं, खरंच माझ्यात कुणी बसलं असेल तर? मुलींना शरीराचा धडा शिकवणारी मी, माझ्या मनात हे आलं. आणखी चारचौघींनी म्हटलं तर मी आपणहून लोह्याच्या बैलगाडीत जाऊन बसेन.

म्हणून हे पत्र. माहेरहून मुऱ्हाळी न्यायला आला की सासूबाई नाही म्हणत नाहीत. ती रीत मोडायला त्या धजत नाहीत. आपल्याला भाऊ नाही. तूच मुऱ्हाळी होऊन ये, अमावस्येच्या आत ये. लातूरला नेते म्हण, आणि स्टेशनावरून हैदराबादची गाडी धर. वाटेत मी परत फिरू म्हणाले, तर माझं ऐकू नकोस.

तुझीच, दाराकडे डोळे लावून बसलेली,
प्रेमला