ओल्या खुंट्या

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! देशात कुठे कुठे जंगल परत उभं करता येईल याची पाहणी चाललीय. हे गाव माझ्या वाट्याला आलं. डोंगर सगळे बोडके. हिरवं काय ते गावाच्या दफनभूमीत, कारण तिथलं झाड तोडायची कुणाची छाती नाही. घरमालकीण नाचिसाले हिने नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं. तुम्ही राजधानीतली, लिलोंग्वेची माणसं चिमणीएवढं खाता, असा टोमणाही मारला. ड्रायव्हर लायसनने झाडं मोजायला माझ्या उंचीची काठी तोडून दिली. मजेत आहे मी.

५ नोव्हेंबर
दफनभूमीतलं रान चहूबाजूंनी वाढवावं, अशी शिफारस केली. सुरुवातीला हद्दीवर ओल्या फांद्यांच्या पाच खुंट्या ठोकल्या. कबर खणणाऱ्यांना इथे ‘नातवंडं’ म्हणतात; ज्याला पुरायचं तो त्यांचा आजा, नाहीतर आजी. त्यांचा म्होरक्या सायमोनी स्वतःच पिकल्या केसांचा. तो हसून म्हणाला, की बाई, हे रान एकाच खतावर वाढतं. मग खुंट्यांकडे बोट करून म्हणाला, इथे खुंटी ठोकतात ती माणूस गेल्यावर, कबरीची जागा आखायला, आणि तीही नातवंडंच. मी म्हटलं, अहो, या रोपांच्या आहेत, खुंटीपाशी एकेक खड्डा घ्या. त्याने माप विचारलं, तेव्हा दोन खड्ड्यांमधलं अंतर म्हणून मी काठी दिली.

८ नोव्हेंबर
खड्डेच काठीएवढे लांब खणलेत! मला हसू आवरेना. सायमोनीने काठी परत आणून माझ्या खोलीत, कोपऱ्यातल्या मातीत रोवली.
दुपारी लायसन गाडीत बसल्या बसल्या गेला. पहिल्या खड्ड्यात ठेवला. त्याला तो आखूड पडला.

१२ नोव्हेंबर
शिंपी गेला. मग मुखियाची सून. खड्डा कुणालाच नीट बसत नाही. मला रडू येत नाही. खुंट्या उपटायला गेले, निघेनात. मुळं धरलीत, पालवी फुटलीय. पाहणीच्या भाषेत हे यशच. भीती वाटते, पण लांबून, दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी.

१५ नोव्हेंबर
नाचिसालेही गेली. कालचं ताट तसंच आहे. एकच खड्डा उरलाय — मोकळा — निघायला हवं, पायी का होईना. जगायचंय मला. पण पाय उचलत —

१६ नोव्हेंबर
काठीला पान आलंय.
दारात नातवंडं उभी. मी तिशीची, आणि सायमोनी मला अदबीने आजी म्हणतोय — आजी, आडव्या व्हा, म्हणतोय, उरलेला खड्डा अगदी तुमच्याच मापा—