पोचा आलेली टाकी

उमरगा,
ता. ९ फेब्रुवारी १९६४

ती. अण्णास शिवगंगेचे शरणार्थ.

वरची टाकी अजून चढवलेली नाही. गोरोबा लोहार आत्ताच दुकानात तसं सांगून गेला, म्हणून लगेच लिहायला बसले. अव्वा बरी आहे. आप्पाही बरे आहेत, सध्या गादीवर बसूनच असतात.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तेलाच्या रिकाम्या टाकीवर भरलेली टाकी ठेवू नका, एवढं ऐकूनच ते तापले. पुढं तू लिहिलंस, की गणितानं खालची टाकी चौपट वजन पेलेल, पण ते गणित अगदी गोल, नितळ पत्र्याचं. आपल्या टाकीला पोचा आलाय. ती केव्हा दबेल, हे अजून कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

"सांगता येत न्हाय, तर बंगळूरला करतो काय? पाडव्याला दुकानात येऊन बस म्हणावं, न्हायतर येऊच नको."

हे तुला लिहायला हात धजेना, म्हणून पत्र लांबलं.

मग मी गोरोबाकडून पातळ पत्र्याचा एक नळा वळवून आणला, तो टाकीसारखा उभा ठेवला आणि आप्पांना म्हटलं, उभे राहा यावर. राहिले, चारचौघांसमोर. नळा ढिम्म.

"बघ, तुझ्या अण्णापेक्षा पत्रा शहाणा!"

"उतरा की आता," अव्वा म्हणाली, "पुतळा झालाय का?"

तेवढ्यात कुणीतरी नळ्याला बाजूनं लाटण्यानं टोचून पोचा आणला. नळा चुरमडून खाली बसला, आणि आप्पाही.

कुणीतरी म्हणजे मीच. त्यांचा पाय मुरगळलाय, सूज उतरतेय.

जमिनीवर बसल्या बसल्याच त्यांनी तो नळा हातात फिरवून पाहिला. "कुरकुरलासुद्धा न्हाय की गं," म्हणाले. मग तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं. एका ओळीवर थांबवलं.

"कुणालाच सांगता येत न्हाय?"

"कुणालाच नाही, आप्पा."

"मग ते शोधायला कुणीतरी बसायलाच पायजे. ऱ्हाऊ दे त्याला तिथं."

उद्यापासून गोरोबा वरच्या टाकीसाठी वेगळे लोखंडी खांब उभे करणार आहे. पाय बरा झाला, की आप्पा तुझं ते नळे दाबायचं यंत्र बघायला बंगळूरला निघतील. स्टेशनवर घ्यायला ये. लंगडत असले तरी विचारू नकोस. पडल्याचं तेच सांगतील, आणि सगळा दोष पत्र्याला देतील. ऐकून घे.

तुझी,
शिवगंगा