दोन सीटांची गाडी

आबा, तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी एक गाडी घेतली. लाल, बुटकी, दोन दारांची, आणि तिच्यात माणसं बसतात दोनच. तुम्ही असता तर आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली असती, वाकून खालून बघितलं असतं आणि विचारलं असतं, "बाकीची कुठाय हिची?" वारज्याच्या आपल्या घरी ती पहिल्यांदा नेली तेव्हा धाकट्या चुलत्यांनी जवळजवळ हेच विचारलं. खराडीच्या माझ्या ऑफिसातला एक जण परदेशी चालला होता, त्याच्याकडून मी ती घेतली, माझ्या पगारातून, आणि घरात फारशी चर्चा न करता. नवरा गाडीकडे बघून म्हणाला, "छान आहे. तू हो पुढे, मी आणि मुलगी रिक्षाने येतो." नारायण पेठेत वाढलेला माणूस, दुसरं काय म्हणणार?

खरं म्हणजे ती गाडी घेताना माझ्या डोक्यात तुमची फटफटी होती. मला ती चांगली आठवते. तुम्ही मला पुढे टाकीवर बसवायचात, टाकी उन्हानं तापलेली असायची आणि मी दोन्ही मांड्या उचलून धरायचे. कालव्याच्या पुलावर तिचा आवाज आला की आजी चहाचं आधण ठेवायची. मग माझ्या पाठीवर भाऊ झाला, आजीला दम्यामुळे चालवेना, आणि एक दिवस धायरीचा एक माणूस आला. तुम्ही त्याला किक मारून दाखवता, चावी त्याच्या हातात देता आणि तो वळणावरून दिसेनासा झाला तरी हात मागे बांधून तिथेच उभे राहता. मी तुमच्या पायजम्याला धरून उभी आहे. त्याच आठवड्यात दारात जीप आली. पुढे कधी कुणी वडिलांचा विषय काढला की मी हीच गोष्ट सांगत आले, आमच्या आबांनी आमच्यासाठी फटफटी विकली म्हणून. कॉलेजात सांगितली, लग्न ठरताना सासरी सांगितली, मुलीला तर इतक्यांदा सांगितली की ती आता मला मध्येच थांबवते.

जीप मात्र खरोखर कामाची निघाली, ते नाकारून चालणार नाही. पहाटे तिच्यातून फ्लॉवरची पोती मंडईत जायची आणि उरलेला दिवस ती भावकीची असायची. कुणाचं डोहाळजेवण असो नाहीतर कुणाचा दहावा, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बायका, पोरं, पातेली, सगळं कोंबलेलं. एकदा जत्रेला निघताना मी पळत जाऊन पुढे तुमच्या शेजारी चढून बसले होते. तुम्ही नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "उतर. पुढं आज्जा बसत्यात. मागं जा आईपशी." ओरडला नाहीत, पण मला सगळ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे जाऊन आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तिनं पदरानं माझं नाक पुसलं.

आणि त्याच जीपवर तुम्ही मला गाडी शिकवलीत. मी अकरावीत होते. आपल्या आळीतल्या मुलींनी तेव्हा सायकलच्या पुढे काही चालवलं नव्हतं. फ्लॉवर काढून झालेल्या वावरात तुम्ही मला चालकाच्या जागी बसवलंत आणि स्वतः शेजारी बसलात. "शेजारी तान्हं पोर निजलंय असं समज," तुम्ही म्हणालात, "आन् त्याला जाग न येता क्लच सोड." पहिल्या दिवशी ते पोर कितीतरी वेळा दचकून उठलं. तुम्ही हसत होता, आणि मी रडकुंडीला आले की नुसतं म्हणत होता, "निजव परत." चुलत्यांनी बांधावरून टोमणा मारला, पोरीला डायवर करता का म्हणून. तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, "करतो. तुला जाग्यावर सोडंल ती." आबा, मला आजवर मिळालेल्या सगळ्या गोष्टींत तो तासभर मला सर्वांत मोलाचा वाटतो. आई तेव्हा पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभी होती. ती उभी होती एवढंच मला आठवतं, चेहरा आठवत नाही.

तर या लाल गाडीचं काय करायचं हा प्रश्न गेल्या वर्षी आला. सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. आई तर तुमच्या माघारी काही वर्षं भावाकडे राहून नंतर माझ्याकडेच आली होती. म्हणजे आम्ही पाच जण आणि सीटा दोन. एका साध्या मुंजीला आम्ही तीन वाहनांनी जायचो. नवरा आणि मुलगी स्कूटरवर, मी आईला घेऊन लाल गाडीत, आणि सासरे रिक्षात. ते कार्यालयात पोचले की घड्याळ बघून म्हणायचे, "वऱ्हाड टप्प्याटप्प्याने येतंय, यजमानांनी घाबरून जाऊ नये." आणि आईचे गुडघे. त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. आई आधी पाठमोरी होते, स्वतःला सोडून देते, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेते. बाहेर काढताना मी दोन्ही हात धरून ओढते, ती "आई गं" म्हणते आणि पार्किंगमधला वॉचमन धावत येतो. मला वाटायचं, मी माझ्या हौसेपायी म्हातारीचे हाल करते आहे. तुम्ही आमच्यासाठी फटफटी सोडलीत आणि मला ही खेळण्यासारखी गाडी सोडवत नाही, याची मनातल्या मनात लाज वाटायची. सोसायटीत पार्किंग एकच, म्हणजे दोन्ही गाड्या ठेवू म्हणायचीही सोय नाही.

शेवटी एका शनिवारी आम्ही सगळे सात सीटांची गाडी बघायला गेलो. शोरूममधला मुलगा फार उत्साही. "सर, आपण पुढे बसा," तो सासऱ्यांना म्हणाला, "मॅडम ड्राइव्ह करतील. फॅमिलीसाठी याच्यापेक्षा बेस्ट काहीच नाही." सासरे पुढे बसले. मधल्या रांगेत नवरा, मुलगी आणि तो मुलगा. आणि आई? आईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मधली सीट पुढे दुमडून मागच्या रांगेत जायला जी फट होते, तिच्यातून ती एव्हाना आत शिरली होती, त्या गुडघ्यांनी, कुणाचा हात न धरता. मी आरशात बघितलं तर शेवटच्या सीटवर तिचं कपाळ आणि पदराचा काठ तेवढा दिसत होता. पिशवी मांडीवर घेतलेली. त्या मुलाने मागे वळून विचारलं, "आजी, मागे कम्फर्टेबल आहे ना?" आई म्हणाली, "बरं हाय की. मला सवय हाय."

गाडी उत्तम होती. वळायला हलकी, उंच, रस्ता लांबवर दिसत होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात खाली पाय पसरून पावट्याच्या शेंगा सोलायला बसली. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "कसली सवय गं तुला?"

"मागं बसायची. आनखी कसली?" ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता, फारसं काही विशेष सांगतेय असा आव न आणता, ती बोलत राहिली. "फटफटी हुती तवा मी ह्यांच्या पाठीशी बसायची. खांद्याला धरून. कालव्याकडंनं जायचो, माझ्या म्हायेरला. लई बोलायचं तुझं आबा. निम्मं वाऱ्यात जायचं, तरी मी हूं हूं करायची. घरात एवढी मान्सं, सासरं, दीर, जावा. ह्यांच्याशी बोलाय मिळायचं ते तेवढंच, फटफटीवर. मग जीप आली आन् मी मागं गेले. पुढं सासरं, ते गेल्यावर थोरलं दीर, मग तुझा भाऊ मोठा झाला, तो. मला त्या जीपीत पुढं बसाय कंदीच मिळालं न्हाई."

मी म्हटलं, "तू आबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुझ्या आजीचा दम उठला तवा त्याच जीपीत घालून दवाखान्यात न्हेली, म्हातारी वाचली. मीच हात जोडलं जीपीला. पर न इचारता इकली फटफटी. सांजच्याला आले तर जागा मोकळी."

आबा, मला तुमचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही तुम्ही उत्तर द्यायला नसताना. इतकी वर्षं मी तुमच्या त्यागाची गोष्ट सांगत फिरले आणि त्या गोष्टीत आई कुठेच नव्हती. पोरीला चालकाच्या जागी बसवणाऱ्या माणसाला बायकोची जागा कुठे गेली हे दिसू नये? मग रागातच माझ्या लक्षात आलं की घरात दिवसभर दोन वाक्यं बोलणारी आई लाल गाडीत बसली की अखंड बोलत असते. खडकवासल्याच्या रस्त्यावर तर तिचं तोंड मिटत नाही. या जागी अमक्याची विहीर होती, त्या तिकडे आंबा होता, तमकीनं सासूला कसं बोलून दाखवलं. बसताना कण्हते, उतरताना ओरडते, पण बाहेर जायचं का विचारलं तर चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात. आणि मी समजत होते की मी तिचे हाल करते आहे. त्या गाडीला मागची सीटच नव्हती, म्हणून तिला मागे जाता येत नव्हतं.

आता तर विकूच नये असं मला वाटायला लागलं. पण सासरे रोज उन्हातून रिक्षा शोधत होते, मुलगी पावसाळ्यात स्कूटरवर भिजून येत होती, ते काही खोटं नव्हतं. तेव्हा पुढच्या रविवारी मी आईला घेऊन खडकवासल्याला गेले, धरणाकाठी थांबवून तिला कणीस घेऊन दिलं आणि विचारलं. "आई, ही गाडी विकू की ठेवू? तू सांगशील तसं करू."

ती दाणे सोलून एकेक तोंडात टाकत होती. आधी तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे भरले होते, ते तिनं कणसाच्या धुरावर ढकललं. "ईक," ती म्हणाली. "पोरगी भिजती. आन् व्याही रिक्षावाल्याशी भांडत्यात रोज, बरं दिसत न्हाई." मी म्हटलं, "तुला वाईट नाही वाटणार?" तर म्हणाली, "वाटंल की. त्यांनी इचारलं असतं तरी मी 'इका'च म्हनले असते. पर इचारलं असतं तर." आणि उरलेलं कणीस माझ्या हातात देऊन हात झटकत म्हणाली, "चल आता. जरा जोरात घे."

मी घेतली. तुम्ही ऐकलं असतं तर खूश झाला असता, त्या गाडीचा आवाज फटफटीसारखा नाही, पण चढाला तो बरा भरून येतो. आई खिडकीच्या कडेला घट्ट धरून हसत होती. तुमच्यावरचा माझा राग त्या रस्त्यात कुठेतरी ओसरला. तुम्ही तेव्हा जेमतेम तिशीचे होता, तुमची आई आजारी, पोरं लहान, आणि बायकोला विचारायचं असतं हे वावरातल्या माणसाला शिकवणारं आपल्या घरात कोण होतं? तुम्ही असता तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते आणि मग तुमच्या ताटात वाढलं असतं, एवढंच.

लाल गाडी हिंजवडीचा एक मुलगा घेऊन गेला. परवा नवी गाडी आणली. नारळ फोडला, मुलीने चाकांना कुंकू लावलं, आणि सगळे बसायला निघाले. सासरे पुढच्या दाराशी आले, आईकडे एकदा बघितलं आणि सरळ मधल्या रांगेत जाऊन बसले. "मला पुढे नको," ते म्हणाले, "सुनेचं ड्रायव्हिंग मला इतक्या जवळून बघवत नाही." आई मागच्या दाराला हात लावून उभी होती. मी आरशातून बघत होते. तिनं हात काढला, गाडीला वळसा घालून पुढे आली, स्वतः दार उघडलं आणि मला म्हणाली, "ती सीटवरची पर्स उचल."

आत्ता ती मला दोनदा विचारून गेली, एवढं काय लिहितेस म्हणून. ऑफिसचं काम आहे म्हटलं. हे तिला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचवायची तर सोयच नाही. पण तिला वाटतंय की पर्स तिथे गडबडीत पडली होती. तसं नव्हतं, आबा. पुढच्या सीटवर मी ती नीट ठेवली होती, पट्टा वर करून. तिथे आई बसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.